गुरुवारचा आमोख्ता

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमच्या घरी म्हणत आणि ते खरंच आहे. भाजीवाल्यावर येतो, एसटीच्या कंडक्टरवर येतो, आणि सकाळी आलेला संध्याकाळपर्यंत निघूनही जातो. एकच राग गेलेला नाही. तो दिग्रसच्या एका मुलींच्या शाळेतला आहे. अजूनही कोणी म्हातारीकोतारी रस्त्यात भेटते, 'हेडमिस्ट्रेसबाई' म्हणून हात जोडते, की तो ताजा होतो. मी त्या शाळेची हेडमिस्ट्रेस नव्हते. सरकारी कागद काहीही म्हणोत, मी नव्हते.

आमचा वऱ्हाड मध्यप्रदेशातून काढून मुंबई राज्याला जोडला, तेव्हाची गोष्ट. आता राज्यकारभार मराठीचा, तर उर्दू शाळांतल्या पोरींनाही मराठी आलं पाहिजे असं बोललं जाऊ लागलं. मी अमरावतीला नॉर्मल स्कूल करून, म्हणजे शिक्षिकेचं सरकारी शिक्षण पुरं करून, दिग्रसला आमच्या घरी बसले होते. वडील तहसिलीत कारकून, भाऊ कोर्टात. घरातल्या सगळ्यांची बोटं शाईची. दिग्रसच्या मुसलमान मंडळींची एक कमिटी होती आणि तिची मुलींची उर्दू शाळा होती. त्यांना मराठी आणि गणित शिकवायला बाई हवी होती. मी जाते म्हटल्यावर भाऊ म्हणाला, "मुसलमानांच्या शाळेत जाऊन तू काय शिकवशीन?"

"मराठी," मी म्हटलं. "तुले शिकायचं असंन तं तूही ये."

त्या शाळेच्या प्रमुख म्हणजे आपा. पंचेचाळिशीच्या, उंच, पांढरी ओढणी कपाळापर्यंत ओढलेली, आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. नवरा लवकर गेला म्हणून दिग्रसला स्थायिक झालेल्या भावाकडे राहत. भावाच्या ओसरीवर मोहल्ल्यातल्या मुलींना कुराण वाचायला शिकवता शिकवता त्यांनी त्याच मुलींना लिहायला शिकवलं, मग पाढे, मग भूगोल. ओसरी पुरेना तेव्हा कमिटीने मशिदीमागचं एक रिकामं घर दिलं आणि ओसरीची शाळा झाली. आपा स्वतः कोणत्याही शाळेत गेलेल्या नव्हत्या. वडिलांनी घरीच शिकवलेलं, पण असं शिकवलेलं की त्यांनी फळ्यावर नुसता यवतमाळ जिल्हा काढला तर त्यात वणीकडचा कोपराही बरोबर यायचा.

परपुरुषासमोर त्या येत नसत. त्यांच्या खोलीच्या दाराला चिकाचा, म्हणजे बांबूच्या काड्यांचा, पडदा होता. कमिटीचे लोक आले की बाहेर बाकावर बसायचे आणि आपा आतून बोलायच्या. पडद्याआडून बोलायच्या म्हणजे हळू बोलायच्या असं कोणी समजू नये. कमिटीचे सेक्रेटरी जिनिंग कारखान्याचे मालक होते, हंगामात कापसाच्या गाड्या त्यांच्या फाटकापासून पार पुसदच्या रस्त्यापर्यंत लागत. ते गृहस्थही त्या बाकावर टोपी सावरत बसायचे. मला ते बघायला फार आवडायचं.

आपांचं माहेर दारव्ह्याजवळचं एक खेडं. मुलींशी उर्दूत, माझ्याशी अस्सल वऱ्हाडीत, आणि रागावल्या की दोन्हीत. त्यांचाही राग माझ्यासारखाच होता. फरक इतकाच की त्यांनी त्याच्यासाठी नियम केला होता. वर्गाच्या दाराशी एक सुरई ठेवलेली असे. पहिल्याच आठवड्यात मी घरून भांडून आले आणि तरातरा वर्गाकडे निघाले, तर पडद्याआडून आवाज आला, "बाई, आधी पाणी पी."

"तहान नाही मला."

"तहान कोण म्हणते? तुह्या घरचा राग माह्या पोरींच्या अंगावर नोको टाकू. पाणी पी, मंग जा."

मी पाणी प्याले. सगळ्या शिक्षिकांना तो नियम होता. मुलींदेखत कोणत्याही शिक्षिकेला त्या कधी बोलल्या नाहीत. जे बोलायचं ते आत बोलावून, आणि बोलून झाल्यावर हातावर काहीतरी खायला ठेवून. मी नॉर्मलमध्ये 'शाळेची व्यवस्था' नावाचा विषय पाठ केला होता, त्यात चांगले गुणही मिळवले होते. पण शिक्षकांकडून काम करून घेणं म्हणजे काय, हे मी त्या चिकाबाहेर उभं राहून शिकले.

आणि गुरुवारी शिकले. मक्तबात, म्हणजे कुराण शिकण्याच्या जुन्या शाळेत, गुरुवारी नवा धडा देत नाहीत. आठवडाभर घेतलेलं सगळं त्या दिवशी पुन्हा म्हणून दाखवायचं. त्याला म्हणतात आमोख्ता. शुक्रवारी सुट्टी. आपांनी केलं काय, तर मुलींचा आमोख्ता झाला की शिक्षिकांचाही ठेवला. आम्ही चौघी आणि आपा जाजमावर गोल बसायचो, मागे वरच्या वर्गाच्या मुली. प्रत्येकीने सांगायचं, या आठवड्यात माझ्या वर्गाला काय आलं नाही. काय आलं ते सांगायचं नाही, राहिलं ते सांगायचं. मग जिला ते शिकवता येत असेल तिने उठून तिथल्या तिथे शिकवून दाखवायचं. आणि पहिला आमोख्ता हेडचा. आपा सर्वांआधी स्वतःचं राहिलेलं सांगायच्या, तेही कपाळाला आठी न घालता.

माझा पहिला गुरुवार मला स्वच्छ आठवतो. नॉर्मल पास मी, मान ताठ. माझी पाळी आली तसं म्हटलं, "माझं काही राहिलं नाही."

जाजमावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. मागच्या मुलीसुद्धा माझ्याकडे बघू लागल्या. आपा म्हणाल्या, "काहीच नाही राह्यलं?"

"नाही."

"मंग तू शिकवलंच नाही, बाई. जो शिकवते त्याचं राह्यते. ज्याच्याजवळ काही कामच नाही त्याचं काय राहीन?"

मी घरी जाऊन भांडी आपटली. शुक्रवारची सुट्टी त्यांना शिव्या देण्यात गेली. शनिवारी तिसरीच्या वर्गाला वजाबाकी घातली तर निम्म्या पोरींना हातचा घेताच येत नव्हता. पाठ केलेलं तेवढं म्हणत होत्या. पुढच्या गुरुवारी मी ते सांगितलं. दुसरीला शिकवणारी, माझ्याहून लहान, या शाळेबाहेर कधी न शिकलेली एक मुलगी उठली आणि तिने सरकीच्या दहा-दहाच्या ढिगल्या करून हातचा शिकवला. आपांनी तिला शाबासकी दिली नाही, फक्त मला विचारलं, "समजलं?" मी म्हटलं, "समजलं." त्या दिवसानंतर मला तिथून कोणी हाकललं असतं तरी मी गेले नसते.

यापुढे जे झालं त्यात कोणी दुष्ट नव्हतं, असं लोक मला सांगतात. मला ते पटत नाही.

शाळेला सरकारी मान्यता हवी होती. तिच्यासाठी यवतमाळहून डिप्टीसाहेब, म्हणजे शाळातपासणीचे अधिकारी, येणार होते. सेक्रेटरींना झोप येईना. साहेब चिकाशी बोलणार कसे? सरकारी माणूस, त्याला बाकावर बसवून आतून बाईचा आवाज ऐकवायचा? तेव्हा त्यांनी तोड काढली. मी पडद्यातली नव्हते. एक दिवसापुरतं मी समोर बसायचं, साहेबांशी बोलायचं, झालं. बाकीचं आपलं आपल्यात.

शाळेत खुर्ची नव्हती. आपा तख्तावर बसत. सेक्रेटरींनी आपल्या जिनिंगच्या ऑफिसातली हातांची खुर्ची गाडीवर घालून पाठवली. ती अंगणात उतरली तेव्हा मी म्हटलं, "मी नाही बसणार." आपा आतून हसल्या. "बस नं. लाकडाची हाय, चावत नाही. एका दिवसाचं काम. माह्या शाळेले मान्यता पाह्यजे." माह्या शाळेले, असं म्हणाल्या त्या. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

साहेब आले. सभ्य होते, मुलींच्या वह्या बघितल्या, पाढे ऐकले, खूश झाले. मला विचारत गेले, मी सांगत गेले. वेळापत्रक कोणी बसवलं, आपांनी. वरचा वर्ग कोण घेतं, आपा. शिक्षिकांची पाळी कोण ठरवतं, आपा. तिसऱ्यांदा साहेबांनी मान वळवली. "या आपा कोण?"

मी तोंड उघडायच्या आत सेक्रेटरी म्हणाले, "कुराण शिकवतात, साहेब. आमच्याच आहेत."

"त्या हेडमिस्ट्रेस आहेत," मी म्हटलं.

"नॉर्मल झालेल्या आहेत?"

"त्यांनी ही शाळा..."

"बाई, नॉर्मल झालेल्या आहेत का?"

सेक्रेटरी म्हणाले, "नाही साहेब." आणि हसले, कारण पाहुण्यासमोर हसून बोलायची त्यांची रीत होती.

महिन्याभरात मान्यता आली आणि तिच्याबरोबर हुकूम आला. शाळेची प्रमुख नॉर्मल पास हवी, सबब मी. धार्मिक शिक्षण शाळेच्या वेळेबाहेर, ज्या पालकांची इच्छा असेल त्यांच्याच मुलींना, सकाळी अर्धा तास. ते आपांनी घ्यावं. कायदा म्हणून त्यातलं एक अक्षर चूक नव्हतं. ज्या बाईने अख्खी शाळा उभी केली तिला शाळा भरायच्या आधीचा अर्धा तास, आणि मला, जिला उर्दूचं अलिफसुद्धा वाचता येत नव्हतं, उर्दू शाळेची खुर्ची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो नागोबा मला केलं, आणि वर माझं अभिनंदन केलं. भाऊ घरी पेढे घेऊन आला. मी ते पेढे ताटासकट अंगणात फेकले, आणि आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्याच दिवशी मी जिनिंगवर गेले. कापसाचे तंतू हवेत उडत होते, यंत्राचा आवाज इतका की ओरडूनच बोलावं लागत होतं. बरंच झालं, मला ओरडायचंच होतं.

"तुम्ही खोटं काहून बोलले?"

"बाई, बसा तं खरं. चहा घ्या."

"साहेबांसमोर म्हटलं की कुराण शिकवतात. काहून म्हटलं?"

"मान्यता गेली असती तं शाळाच गेली असती. आपा घरच्याच आहेत, त्याहिले समजावू आपण. तुम्ही आमच्या पाहुण्या आहा, तुमचा मान राहाले पाह्यजे."

हे 'घरच्याच आहेत' मला आयुष्यभर पुरलं आहे. घरचा माणूस म्हणजे ज्याला न विचारता काहीही करता येतं तो. मला मान, कारण मी परकी. साहेबांना मान, कारण ते सरकार. आपांना काही द्यायची गरज नाही, कारण त्या आपल्या. मी माझ्या जातीच्या घरांतही बायकांचं हेच होताना पाहिलं आहे, म्हणून कोणी यात हिंदू-मुसलमान शोधू नये. चहा मी घेतला नाही.

त्यानंतरचा पहिला गुरुवार. आम्ही जाजमावर बसलो. मी माझ्या नेहमीच्या जागी, दाराजवळ. आपा त्यांच्या. सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्या माझ्याकडे.

"पहिला आमोख्ता हेडमिस्ट्रेसचा," आपा म्हणाल्या. "सांगा, बाई. तुमचं काय राह्यलं?"

तुमचं, म्हणाल्या. त्या दिवसापर्यंत त्यांनी मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. मी रडायला लागले, रागाने. "आपा, तुम्हीच बोला. हा नियम तुमचा आहे."

"नियम माहा नाही, जागेचा हाय. त्या जागेवर तुम्ही आहा. बोला."

मी बोलले. नंतर खोलीत जाऊन त्यांना म्हटलं, मी राजीनामा देते. त्यांनी मला असं झापलं की काय सांगू, आणि तेही तुम्ही-तुम्ही करत. "तुम्ही उठल्या तं सेक्रेटरी आपला साळा आणून बसवतीन. मॅट्रिक नापास, पण नॉर्मल झालेला साळा. माह्या पोरींवर तो मास्तर आणून ठेवता काय? बसा गुमान." म्हणून मी बसले. दररोज, त्या खुर्चीत, दात खाऊन.

पण आपा बसून राहणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांना ती जागा हवी होती, आणि ते त्या लपवत नव्हत्या. एके दिवशी त्यांनी मला आत बोलावलं आणि विचारलं, नॉर्मलला बसायला काय लागतं. मी सांगितलं, आधी सातवी पास. सातवीची परीक्षा बाहेरून देता येते. आमचीही सातवी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती, पहिल्याच मुली त्या वर्षी दारव्ह्याच्या केंद्रावर बसणार होत्या.

"मंग मीही बसन."

मला वाटलं, गंमत करतात. "आपा, त्या तुमच्या मुली आहेत. तुम्हीच शिकवलेल्या."

"मंग तं अजूनच चांगलं. पेपर कठीण आला तं त्याहिच्याकडे पाहून मले धीर येईन." आणि मग हसू थांबवून, "बाई, सातवी, मंग नॉर्मल. किती वर्षं लागतीन? मी काही मरून नाही राह्यली. कागदच पाह्यजे नं त्याहिले? देतो कागद."

आम्ही दोघी कामाला लागलो. केंद्राच्या मुख्याध्यापिका माझ्या ओळखीच्या निघाल्या. बायकांची वेगळी खोली देऊ, पहाऱ्यावर बाईच ठेवू, म्हणाल्या. दुपारी शाळा सुटली की आपा मराठीचा पेपर माझ्याकडे करायच्या. लिहिताना त्यांचा 'ळ' काही केल्या जमेना, त्यावर त्या पाटी आपटायच्या, आणि मी म्हणायचे, आपा, पाणी प्या. त्यांच्या सातवीतल्या मुलींना कळलं तेव्हा त्यांनी आळीपाळीने आपांचा इतिहास घ्यायला सुरुवात केली. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी ओढणी सावरत विचारताहेत आणि आपा सन चुकल्या की स्वतःचे कान पकडताहेत. मी त्या खुर्चीत बसून इतकी खूश क्वचितच झाले असेन.

मग कमिटीला कळलं. सगळेच्या सगळे बाकावर येऊन बसले, कमिटीत असलेला आपांचा भाऊही. दुसरा बाक आणावा लागला. सेक्रेटरी घसा साफ करत म्हणाले, "आपा, हे बरं दिसणार नाही."

आतून, "काय बरं नाही दिसणार?"

"ज्या पोरींले तुम्ही शिकवलं त्याहिच्यासंगं परीक्षेले बसान? आणि समजा नापास झाल्या तं? अख्खं दारव्हा म्हणीन, यांच्या उस्तानीले सातवी नाही. जमातीची इज्जत हाय."

"उस्तानीले सातवी नाही हे खरंच हाय नं? डिप्टीसमोर तुम्हीच सांगितलं."

मग बाकावरच्या एका म्हाताऱ्या सभासदाने आपांच्या भावाकडे पाहिलं, आणि भावाने जमिनीकडे. तेवढ्यावरच ठरलं. बहीण परीक्षेला जाणार नाही, भाऊ म्हणाला. जिचा कागद नाही म्हणून जागा काढली तिला कागद मिळवू द्यायचा नाही, कारण कागद नाही हे लोकांना कळेल! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्याशाला स्वतःची सुटका करून घ्यायलाही मनाई होती. मी बाकासमोर उभी राहून जे बोलले ते छापता येणार नाही. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, हा आमच्या घरचा मामला आहे." सातवीच्या मुली दारव्ह्याला गेल्या, सगळ्या पास झाल्या, आणि कमिटीने हार घातले. मला.

तो प्रसंग कमिटीने मनात ठेवला. पुढच्या वर्षी त्यांनी धार्मिक शिक्षण मशिदीत हलवलं, मौलवीसाहेबांकडे. आपांनी आता आराम करावा, फार केलं त्यांनी, असा ठराव झाला. अर्धा तासही गेला. मी त्या ठरावावर सही करायला नकार दिला, तर माझ्या सहीवाचून काम झालं. चिकाचा पडदा आणि ती खोली मात्र मी ठेवली. आपा रोज येईनाशा झाल्या. फक्त गुरुवारी यायच्या, जाजमावर बसायच्या, ऐकायच्या. स्वतःची पाळी आली की मान हलवून पुढच्या शिक्षिकेकडे बोट करायच्या. त्यांना बोला म्हणायची कोणाची हिंमत नव्हती, माझीसुद्धा नाही.

जिल्हा परिषदा झाल्या आणि नवे साहेब आले. तरुण, उत्साही, देशावरचे. त्यांनी आजूबाजूच्या शाळांतून गुरुवारच्या आमोख्त्याचं ऐकलं होतं. आमच्या मुलींना हिशेब का येतो, आमच्या शिक्षिका का टिकतात, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. 'बाईंची पद्धत' जिल्ह्यातल्या सगळ्या मुख्याध्यापकांना दाखवायची, असं त्यांनी ठरवलं. माझी पद्धत! मी त्यांना यवतमाळला जाऊन तोंडी सांगितलं की ही माझी नाही, आमच्या आपांची आहे. ते हसून म्हणाले, "बाई, तुमचा विनय." आयुष्यात प्रथमच मला कोणी विनयी म्हटलं आणि तेही चुकीच्या जागी.

ते गुरुवारी आले. सेक्रेटरींनी पुन्हा सगळा थाट केला होता. खुर्चीवर गादी, टेबलावर कापड, बाकांवर अख्खी कमिटी. पुरुष आलेले म्हणून आपा जाजमावर नव्हत्या, चिकाआड होत्या. मला सेक्रेटरींनी खुर्ची दाखवली. मी जाजमावर, दाराजवळच्या माझ्या जुन्या जागी बसले. खुर्ची रिकामी राहिली. शेवटी साहेबांनाच तिच्यावर बसवलं.

"आमच्याकडे पहिला आमोख्ता हेडचा असतो," मी साहेबांना म्हटलं. आणि गप्प बसले.

सेक्रेटरींनी मला खूण केली. मी चिकाकडे बघत राहिले. मग शेजारची दुसरीची शिक्षिका चिकाकडे वळली, मग बाकीच्या दोघी, मग मागच्या मुली एकेक करून सरकल्या, आणि साहेबांकडे सगळ्यांच्या पाठी झाल्या. साहेब घड्याळ बघू लागले. मला वाटत होतं, आज त्या आपली जागा घेतील. आज बोलतील, आणि बोलल्या की हे सगळं उघडं पडेल.

आपा बोलल्या. तोच गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा आवाज.

"या हप्त्यात माह्यं काही राह्यलं नाही."

जाजमावरच्या प्रत्येकीला त्याचा अर्थ कळला. त्या शाळेत याहून खालचं वाक्य नव्हतं. जो शिकवतो त्याचं राहतं. आपांजवळ राहायला काही ठेवलंच नव्हतं. एका मुलीने ओढणी तोंडात धरली.

साहेब म्हणाले, "वा! सगळं पूर्ण! अशा शिक्षिका हव्यात."

"आमच्याच आहेत, साहेब," सेक्रेटरी म्हणाले.

मी उठून उभी राहिले. "माझं एक राहिलं आहे," मी म्हटलं. "या शाळेची हेडमिस्ट्रेस कोण, हे मला कमिटीला शिकवता आलं नाही, आणि सरकारलाही शिकवता आलं नाही. इतकी वर्षं शिकवते आहे. आमचा नियम आहे, ज्याला येत असेल त्यानं उठून शिकवून दाखवायचं. उठा कोणीतरी."

कोणी उठलं नाही. कमिटी बाकावर बसलेली होती, साहेब खुर्चीवर. आपांचा भाऊ त्या दिवशीही जमिनीकडेच बघत होता. मग सेक्रेटरी दाराबाहेर बघत म्हणाले, "अरे, चहा आणा रे."

आणि चिकाआडून हळू आवाज आला. त्या बाईला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"बाई, आधी पाणी पी."

पी, म्हणाल्या. प्या नाही. सुरई तिथेच दाराशी होती, माझ्या हाताच्या अंतरावर. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी पाणी प्याले नाही.